तिसरी हाक

एकदा एक प्राध्यापक आपल्या गुरूंच्या फाटकाबाहेर उभा राहून हाका मारत होता, आणि गुरू समोर ओसरीवर बसून त्या ऐकत होते. पण ओ काही देत नव्हते.

प्राध्यापकाचं नाव हेरंब पाटणकर. निवृत्तीला टेकलेला, केस पांढरे झालेले. पण गुरूच्या दारात शिष्य तो शिष्यच, म्हणून आपणही त्याला अरेतुरेच करू. विद्यापीठात तो वित्त आणि संख्याशास्त्र शिकवी आणि व्यवसायांवर संशोधन करी. म्हणजे असं, की दुकानदारांना, कारखानदारांना प्रश्नावली पाठवायची, आलेल्या उत्तरांची आकडेमोड करायची आणि धंदा कशानं टिकतो, कशानं बुडतो ते सांगायचं. त्याचा एक निष्कर्ष तर फार गाजला होता. भागीदारीतल्या धंद्यापेक्षा एकट्या मालकाचा धंदा अधिक टिकतो, हा तो निष्कर्ष. तो पाठ्यपुस्तकात गेला, त्यावर व्याख्यानं झाली, बढती मिळाली. आणि हळूहळू हेरंब स्वतःही त्या एकट्या मालकासारखाच जगू लागला.

तसं कुणाशी भांडण नव्हतं हो! त्याचा आपला एक नियम होता. प्रश्नावलीला उत्तर आलं नाही, तर दोन स्मरणपत्रं पाठवायची. तरीही उत्तर नाही, तर ते नाव वगळायचं आणि पुढे जायचं. संशोधनात हा नियम शोभून दिसे. पण नियमाला पाय फुटले आणि तो घरात शिरला. थोरल्या भावाला दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही, विषय संपला. मित्राला दोनदा जेवायला बोलावलं, त्याला जमलं नाही. पुन्हा बोलावणं गेलं नाही. मग बायको वारली. आता दिवाळीत दाराची घंटा वाजायची ती पोस्त मागायला आलेल्या पोस्टमनची. संध्याकाळी तो टीव्ही लावून ठेवी, बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. फार एकटं वाटायचं त्याला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणार कुणाला?

शेवटचं नाव उरलं होतं ते वैजयंती घोलपचं. ही त्याची पीएचडीची एकुलती एक विद्यार्थिनी. तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवी, हेरंबच्याच निष्कर्षावर पुढचं काम करी आणि शनिवारी येऊन त्याच्याशी कडाकडा वाद घाली. तो वाद म्हणजे हेरंबच्या आठवड्यातला सण. पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती यायचीच थांबली. हेरंबनं दोन ईमेल पाठवल्या. उत्तर नाही. आता सोमवारी विद्यापीठाला कळवायचं होतं. एकतर मार्गदर्शक म्हणून मुदतवाढीची शिफारस करायची, नाहीतर ‘संपर्क नाही’ असं लिहून तिची नोंदणी रद्द होऊ द्यायची. नियमाप्रमाणे काय लिहायचं ते उघड होतं. तरी हात धजेना. पोरीची इतक्या वर्षांची मेहनत एका सहीनं पाण्यात जाणार होती. ‘तू करतोयस ते बरोबर आहे’ असं कुणीतरी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि विचारावं असं एकच माणूस सुचलं. ज्यांनी त्याला हा नियम शिकवला, ते तुंगारे सर.

सरांकडेही तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. दोन दिवाळ्यांना शुभेच्छापत्रं पाठवली होती, उत्तर आलं नाही; मग तेही नाव गळलं. पुढे काकू, म्हणजे सरांची बायको, गेल्याचं त्याला दुसऱ्याच कुणाकडून समजलं. तेव्हा तर जायला तोंडच उरलं नाही.

असा तो त्या रविवारी सकाळी फाटकाशी उभा होता. “सर!” त्यानं हाक मारली. ओसरीवर आरामखुर्चीत बसून सर भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा वाल सोलू लागले.

“सर, मी हेरंब!” त्यानं आवाज चढवला. सरांनी आणखी एक दाणा सोलला. हेरंबचा चेहरा खर्रकन उतरला. या वयात अपमान करून घ्यायला आलो होय मी, असं मनाशी म्हणत तो माघारी वळला.

“दोनच?” मागून खणखणीत आवाज आला. “फाटकाला कडी आहे, कुलूप नाही. ये आत.”

हेरंब आला, वाकून नमस्कार केला. “सर, तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“पहिल्याच हाकेला. आवाजही ओळखला.”

“मग ओ का नाही दिलीत?”

“बघत होतो, अजून तसाच आहेस का. तसाच आहेस, गाढवा! जा, हात धुऊन ये आणि वाल सोलायला लाग. हातांना काम असलं की माणूस खरं बोलतो.”

वाल सोलता सोलता हेरंबनं सगळं सांगितलं. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, “तो दोन स्मरणपत्रांचा नियम मी का घालून दिला होता, ठाऊक आहे?”

“म्हणजे काय, सर! दोनदा विचारून जो बोलत नाही, त्याचं पुढचं उत्तर विश्वासार्ह नसतं. वर्गात मी दरवर्षी शिकवतो हे.”

सर हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. “अरे, विभागाला तिकिटं मोजून मिळायची! प्रश्नावलीला एक आणि स्मरणपत्रांना दोन. चौथं तिकीट मागितलं की हेडक्लार्क अंगावर धावून यायचा. म्हणून दोन! त्यात शास्त्र कुठलं आलंय, बाबा?”

हेरंब हातात वाल धरून बघतच राहिला. ज्या नियमावर त्यानं जन्म काढला, तो टपालखर्चाचा निघाला होता.

सर मग शांत झाले. “ऐक. गप्प बसलेल्यांना वगळलं की गणित स्वच्छ होतं, हे खरं. पण वगळण्याची मुभा केव्हा असते? गप्प बसलेले आणि बोललेले सारखेच असतील तेव्हा. ते सारखे नसतात रे! ज्याचं बरं चाललेलं असतं, तो उलटटपाली उत्तर देतो. जो गप्प बसतो, तो बहुधा कशाखाली तरी दबलेला असतो. आपण त्याच्या मौनाला नकार समजतो. मग त्या नकारांवरून अनुमान काढतो, की आपण कुणालाच नकोत. तुझी आकडेमोड चुकलेली नाही, हेरंबा. तुझा नमुनाच अपुरा आहे.”

मग ते म्हणाले, “तुझी पत्रं आली तेव्हा तुझी काकू अंथरुणाला खिळलेली होती. मी तिला भरवू, की पत्रं लिहू? तिसऱ्या दिवाळीला ती मला विचारत होती, ‘हेरंबचं नाही का हो आलं काही?’ मी म्हटलं, येईल, येईल.”

हेरंबला मान वर करवेना. वालाची सालं एका बाजूला सारत सर म्हणाले, “झालं ते झालं. त्या मुलीकडे जा. आजच जा.”

दुपारच्या एसटीनं तो गेला. पत्ता विचारत विचारत वैजयंतीच्या दाराशी पोचला. कडी वाजवली. आत कुणाची तरी चाहूल लागली आणि थांबली. त्यानं पुन्हा वाजवली. दार उघडेना. गल्लीतल्या बायका बघू लागल्या, त्याला शरमल्यासारखं झालं, तरी त्यानं तिसऱ्यांदा वाजवली आणि हाकही मारली, “वैजयंती, मी आहे गं!”

दार उघडलं. त्याला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. “सर, तुम्ही? इथं?”

चहा झाला. मग ती एकदम धीर करून म्हणाली, “सर, तुमच्या अभ्यासात ज्यांची उत्तरं आली नव्हती ना, त्यांना शोधायला गेले मी. म्हटलं, तुमचा निष्कर्ष आणखी पक्का होईल. सगळी बाजारपेठ पालथी घातली. भागीदारीचा धंदा बुडाला ना, तरी एखादा भागीदार मागे उरतो, सर. तो दुसऱ्याच्या नावानं शिव्या घालतो, पण प्रश्नावली भरतो. एकट्याचा बुडाला की नुसतं शटर. शेजारचे सांगत होते, तुमची पत्रं शटरखाली धूळ खात पडून असायची. उचलायलाच कुणी नव्हतं.”

“म्हणजे एकट्यांचे बुडालेले धंदे माझ्या हिशेबात आलेच नाहीत,” हेरंब सावकाश म्हणाला.

“नाही आले, सर.”

“मग कळवलं का नाहीस?”

“तुमचं आयुष्यभराचं काम ते! कोणत्या तोंडानं लिहू?” ती रडू लागली.

हेरंबला आपलं स्वतःचं बंद दार दिसत होतं. आपलं काही बरंवाईट झालं, तर दाराशी पडलेली पत्रं उचलायलाही कुणी नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्याचेही डोळे भरून आले. विद्यार्थिनीसमोर रडताना त्याला लाज वाटली नाही.

“सगळं लिही,” तो म्हणाला. “पाटणकरांचं चुकलं, असं माझं नाव घेऊन लिही. मुदतवाढीची शिफारस मी उद्याच देतो. आणि शनिवारी ये. माझ्याशी वाद घालायला कुणी नाही गं.”

परतीच्या एसटीत त्यानं थोरल्या भावाला फोन लावला. उचलला गेला नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावला, आणि घरी पोचल्यावर पुन्हा. भाऊ बोलला की नाही, ते आपल्याला ठाऊक नाही. पण लावणं काही त्यानं सोडलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा सरांच्या फाटकाशी आला. “सर!” हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. ओसरी रिकामी होती, आत रेडिओ मोठ्यानं चालू होता. हेरंबनं फाटकाची कडी काढली, चपला पायरीशी काढल्या आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

सर दचकले. “अरे, हाक तरी मारायचीस!”

“मारली, सर. तुम्हाला ऐकू गेली नाही.”

“मग?”

“मग काय? आलो.”

सरांनी रेडिओ बंद केला आणि फडताळातून दुसरा कप काढला.