वानराच्या दोन उड्या

एका जंगलात करवंदीच्या जाळीखाली एक सशीण राहत असे. राहत असे म्हणजे आपले म्हणायचे; एका जागी ती कधी बसतच नसे. पान हलले की हिचे कान उभे! पण हसू नका हं मुलांनो. मागल्या उन्हाळ्यात तिचे थोरले पिल्लू बिबट्याच्या ताज्या मागावरून उड्या मारत गेले, ते परत आलेच नाही. कुणाचा माग कसा दिसतो, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. म्हणून धाकटे चालू लागताच तिने त्याला जांभळीखालच्या शाळेत घातले. तिथे साळिंदर गुरुजी ओल्या मातीवरचे ठसे वाचायला शिकवत.

शाळेचा कारभार पालकांची सभा पाहत असे. अध्यक्ष होता वानर आणि चिटणीस कोल्हा. सभेत जे ठरे ते कोल्हा सागाच्या पानावर लिही आणि हजर पालक खाली चिखलाचा पंजा उठवीत. पण सभेला जायला वेळ कुणाला? तेव्हा कोल्ह्याने सोपी रीत पाडली. तो पान घेऊन दारोदार फिरे आणि म्हणे, "सभा झाली बरं का ताई, एवढा पंजा उठवा." सशीण नुसते "कुठे उठवू?" विचारी. पानावर काय लिहिले आहे, हे विचारायचे तिला सुचले नाही. सुचले नाही कसले, कंटाळा केला!

एके सकाळी पिल्लू शाळेत गेले तसे परत आले. "आई, शाळा वर कड्यावर गेली!" बिबट्या पुन्हा रानात शिरल्याचे कालच कानावर आले होते. ती धावत सुटली. कड्यावरून वानर म्हणाला, "वर या ताई! इथे वारा आहे, चिखल नाही. आणि लांब कुठे? दोन तर उड्या!" सशिणीने उडी मारली, घसरली. पुन्हा मारली, गुडघा सोलून निघाला. वर वानराची दोन पोरे तेवढी हुंदडत होती. गुरुजी बिचारे पायथ्याशीच बसले होते. त्यांना तरी कुठे चढता येत होते?

"गुरुजी, हे ठरवलं कुणी?" सशिणीने विचारले.

गुरुजींनी सागाचे पान पुढे केले. "तुम्ही पालकांनीच की. हा बघ तुझा पंजा. माग खोटं बोलत नाही, असं मी पोरांना शिकवतो. तुझा माग सांगतो, तू सभेला होतीस."

सशिणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आता यावर उपाय?"

"सभेचा ठराव सभेतच फिरतो. आणि सभा भरते शाळेच्याच जागी."

"मग बोलवा सभा. कड्यावरच!"

दिवसभर ती बिळाबिळांतून फिरली. मुंगूस म्हणाले, "आता बोलून काय उपयोग? मीही पंजा उठवलाय." उंदीर म्हणाला, "मी एवढासा. माझं कोण ऐकतंय?" सशीण म्हणाली, "ऐकू नका, बोलू नका. नुसते या. आणि पोरांना घेऊन या."

सभेच्या दिवशी सगळे कड्याच्या पायथ्याशी जमले. वर एकटा वानर. कोल्हा खालीच पान घेऊन उभा होता. तो म्हणाला, "उगाच चढायचा त्रास कशाला? नेहमीसारखे पंजे उठवा आणि जा घरी." सवयीने मुंगसाने पंजा चिखलात बुडवलाही.

"थांबा!" सशीण ओरडली. "सभा वर आहे, आपण खाली आहोत. जिथे मी बसले नाही, तिथे माझा पंजा उठणार नाही."

मुंगसाने पंजा गवताला पुसला.

"अहो, या ना वर!" वानर वैतागला. "दोनच उड्या!"

"कुणाच्या दोन उड्या, अध्यक्ष?"

वानर खाली उतरला. पायथ्याच्या मातीत लहान लहान माग होते. सगळे कड्यापर्यंत आलेले आणि तिथूनच मागे फिरलेले. तो वाकून एकेका मागावरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "मागच्या सभेला कोण कोण होतं रे, कोल्ह्या?" कोल्हा शेपटी चाटू लागला. "तू होतास आणि मी होतो," वानर हळूच म्हणाला. "आणि मला ते चाललं."

शाळा त्याच दिवशी जांभळीखाली परत आली. नवा ठराव कोल्ह्याला दोनदा मोठ्याने वाचायला लावून सशिणीने सर्वांत शेवटी पंजा उठवला. कान तिचे अजूनही उभेच होते. पिल्लाने पानावर वाकून पाहिले आणि गुरुजींना सांगितले, "हा माझ्या आईचा माग. आई इथे होती."

तात्पर्य : आपण जिथे हजर नव्हतो तिथे आपली सही देऊ नये; पालकांनी रिकामी सोडलेली जागा शेवटी लेकरांची वाट अडवते.