दादाचे दातकवच

मुलांनो, करवंदीच्या जाळीत बिऱ्हाड थाटलेल्या एका मुंगसिणीने पूर्वी एक नवस केला होता. लेकीचे दुधाचे दात पडले होते आणि वरचे सुळे काही केल्या उगवेनात. सुळ्यांशिवाय मुंगसाने खेकडा फोडायचा कसा, साप धरायचा कसा? ओढ्याकाठच्या शेंदूर लावलेल्या देवीपुढे ती म्हणाली, "आई, माझ्या पोरीचे दोन्ही सुळे नीट येऊ देत, पाच मंगळवार मी खेकड्याला तोंड लावणार नाही." सुळे आले, मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे. मुंगसिणीने आनंदाने पाचाचे सात मंगळवार केले.

लेक हुतूतूत तरबेज निघाली. त्या जंगलात चढाईला जाणारी पिल्ले तोंडात मेणाचे दातकवच घालत. अस्वलकाकू उन्हात मऊ केलेले मेण पिलाला चावायला देत. दातांचा ठसा उमटला की गार पाण्यात बुडवत, की कवच तयार. "लेकीला घेऊन या," काकूंनी निरोप धाडला. मुंगसीण हसली. "नवं कशाला? दादाचं आहे की घरात! त्याचं अंथरूण, त्याचा चेंडू, सगळं हिनंच वापरलं ना?" तिने थोरल्याचे कवच धुतले, देवीच्या पायाशी टेकवले आणि लेकीच्या तोंडात घातले.

सामन्यात लेक चढाईला गेली. "हु... फु... थु..." कवच जिभेवर घसरले, श्वास कोंडला. पलीकडून माकड ओरडले, "अगं, हुतूतू म्हण! लापशी गिळतेस की काय?" सगळे मैदान खिदळले. पंच कोल्हा म्हणाला, "आवाज येत नाही, परत जा!" पुढच्या चढाईला लेकीने कवच काढून गवतात भिरकावले. आता हुतूतू खणखणीत घुमले. पण पकड करायला धावलेल्या साळिंदराचे डोके तिच्या जबड्यावर आदळले आणि डावा सुळा मुळापासून निखळून धुळीत पडला.

मुंगसिणीच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला. ती साळिंदरावर धावून गेली, तिने माकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कोल्ह्याला विचारले, "डोळे आहेत की भोकं?" मग लेकीला खसकन ओढत तिने देवीपुढे नेले. "सात मंगळवार पाळले मी! हेच का त्याचं फळ? आणि तू गं भवाने, कवच फेकलंस कशाला?"

लेक रडली नाही. गवतातून उचलून आणलेले कवच तिने आईच्या हातावर ठेवले. "तू घाल. घाल आणि म्हण हुतूतू."

मुंगसिणीने रागारागाने ते तोंडात कोंबले. "हु... फु..." कवच टाळ्याला जाऊन चिकटले, तिला उमासा आला. तिने ते बाहेर काढून उन्हात धरले. थोरल्याच्या एकेका दाताचा ठसा त्यात स्पष्ट दिसत होता. लेकीचा एकही नव्हता. मुंगसिणीचा राग गेला नाही, तो फक्त तिच्यावरच उलटला. "देवीनं दोन सुळे दिले होते गं. एक मीच घालवला."

जखम भरल्यावर ती स्वतः लेकीला अस्वलकाकूंकडे घेऊन गेली. लेकीने मऊ मेण चावले. उरलेल्या सुळ्याचा खोल ठसा उमटला. "बोलून दाखव बरं," काकू म्हणाल्या. "हुतूतूतूतू!" झाडावरचे माकड दचकून खालच्या फांदीवर आले. पुढच्याच सामन्यात पुन्हा जबड्यावर टक्कर बसली. मेणाला खोक पडली, सुळा मात्र जागच्या जागी राहिला. त्यानंतरच्या मंगळवारी मुंगसिणीने देवीपुढे नवा नेम धरला : खेळ सुरू होण्याआधी एकेका पिलाचे तोंड उघडून बघायचे. थोरल्याचे कवच घेऊन आलेली एखादी सशीण दिसली, की ती अजूनही कडाडते, "बाई, ते घरी ठेवा आणि पोराला आधी काकूंकडे न्या!"

तात्पर्य : थोरल्याचे कपडे धाकट्याला चालतात, पण दातांचे कवच ज्याच्या त्याच्या दातांवर बेतलेलेच हवे. बाळांनो, हा नेम तुम्हीही धरा आणि मैदानात उतरण्याआधी कवच घालून एकदा मोठ्याने बोलून बघा.