रांगेने जोर, पंगतीने दम

फार वर्षांपूर्वी, खाडीकाठी विजेचे खांब यायच्या आधी, वेळशी गावात झिलू मेस्त्री राहायचा. रेडिओ दुरुस्त करायचा. बॅटरीला जीभ लावून तिच्यात किती जीव उरलाय ते सांगायचा, असं म्हणतात. तुम्ही मात्र लावू नका.

एकदा माघातल्या सकाळी असं धुकं उतरलं, की स्वतःचा हात दिसेना. अकरा होड्या समुद्रात होत्या, आणि एकीवर झिलूचा एकुलता एक मुलगा वासू. खाडीच्या तोंडाशी खडक. वाट दाखवायला फक्त देवळावरचा कर्णा, आणि त्याची बारा व्होल्टची बॅटरी दोन हाका देऊन बसली.

मग लोकांनी आपापल्या फटफट्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या. सहा-सहा व्होल्टच्या, नऊ. वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकींच्या पंगतीला बसत नसत, पण बॅटऱ्या एकाच ओट्यावर आल्या. गावचे खोत म्हणाले, "सगळ्यो एकामागून एक जोड. आवाज गोव्यापर्यंत जाऊ दे!"

"खोतानू, कर्णो जळान जायत," झिलू म्हणाला. "रांगेन जोर वाढता, पंगतीन दम. माका जोर बाराचोच व्हयो. दम दिसभराचो व्हयो."

त्याने नऊही चाखल्या. सारख्या ताकदीच्या दोन-दोन रांगेत लावल्या. सहा आणि सहा बारा झाले. अशा चार जोड्या पंगतीला बसवाव्यात तशा शेजारी शेजारी जोडल्या. जोर बाराच राहिला, दम चौपट झाला. गंमत म्हणजे प्रत्येक जोडीत एक बॅटरी वरच्या वाडीची निघाली, एक खालच्या वाडीची. नववी, खोतांची चकचकीत, त्याने बाजूला ठेवली.

"ही मेलली आसा. रांगेत एक मेली की दुसरीचाय काय चलणा नाय."

खोत लाल झाले.

झिलू कर्ण्यावरून एकेका होडीला नावाने हाक मारत राहिला. वासूच्या होडीला त्याने एकही हाक जास्त मारली नाही. दुपारपर्यंत दहा होड्या आल्या. दिवेलागणीला अकरावी आली, वासूची. तेव्हा बॅटऱ्या संपल्या होत्या, तारा सुटून लोंबत होत्या, तरी कर्णा बोलत होता, असं म्हणतात. झिलूचा आवाज मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच.

अजून माघात वेळशीला पंगत बसते. एक वरच्या वाडीचा, शेजारी एक खालच्या वाडीचा, अशीच बसायची रीत. आधी कर्ण्यावरून अकरा होड्यांची नावं घेतात, मग बारावं झिलूचं. वाढायचं काम खोतांच्या घराकडे. कुणी त्यांना म्हटलं, "तुमीय बसा," तर ते हसून सांगतात, "आदी सगळ्यांका जेवू दे. आमची बॅटरी मेलली हुती!"