उजेड निवडणारा दाणा

"...पण चूक कुठं झाली, वस्ताद? तेवढं सांगा. मी उठतो आणि जातो."

कासम वस्ताद तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. केली असती तरी काय दिसणार होतं? दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. बघायचं काम बोटांकडं.

"कोण म्हणालास?"

"प्रल्हाद. मघाशी सांगितलं की."

"भिंग घासता घासता काच संपवली होती, तो?"

त्या गोष्टीला तीस वर्षं झाली होती. कॉलेजात जायच्या आधी दोन वर्षं प्रल्हाद वस्तादांच्या दुकानात चष्म्याची भिंगं घासायला होता. पुढं तो मोठा शास्त्रज्ञ झाला, आणि वस्ताद दुकान मोडून नदीकाठच्या फकिरांच्या तकियात येऊन बसले. कुणी त्यांना फकीर म्हणतं, कुणी आंधळा म्हणतं. त्यांना दोन्ही चालतं.

"तोच," प्रल्हाद म्हणाला.

"बस मग. काय केलंस?"

प्रल्हादनं खिशातून डबी काढली. डबीत कापूस, कापसात एक काचेचा दाणा. तिळाएवढा. तो त्यानं वस्तादांच्या तळहातावर ठेवला.

"हा उजेड निवडतो."

"निवडतो?"

"तांबडा एकीकडं, हिरवा एकीकडं, निळा एकीकडं. ज्याला त्याला त्याच्या घरी पोचवतो."

"ते काम रंगीत काच करतेच की."

"नाही करत!" त्याचा आवाज चढला. माणूस कितीही खचलेला असू दे, त्याच्या कसबाला बोट लावलं की ताठ होतो. "तांबडी काच तांबडा तेवढा आत घेते, बाकीचा दारातच मारते. तीन वाटे उजेड आला, तर दोन वाटे फुकट. हा दाणा काही फुकट घालवत नाही. ह्याच्या आत मजले आहेत, वस्ताद. मजल्यावर मजले. केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या भिंती. कुठं काच, कुठं पोकळी. उजेड आत शिरला की वळत वळत आपापल्या दारानं बाहेर पडतो."

"भिंती कुठं घालायच्या ते कोण सांगतं?"

"शेवट आधी सांगायचा. कुठला रंग कुठं पोचायला हवा, एवढंच. मग संगणक तिथून उलटा मागं येत एकेक भिंत ठेवतो, काढतो, पुन्हा ठेवतो."

"हं... शेवट आधी."

वस्तादांनी दाणा बोटांत फिरवला आणि डबीत परत टाकला.

"केलास कुणासाठी?"

प्रल्हादचा ताठा तिथंच उतरला.

"कस्तुरीसाठी. माझी मुलगी. अकरा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांतला पडदा झिजत होता. म्हटलं, चष्म्यात बारीक कॅमेरा बसवायचा, कॅमेऱ्यापुढं हा दाणा, आणि येईल ते चित्र तिच्या डोळ्याशी लख्ख दाखवायचं. तिला उजेड पुरत नव्हता, वस्ताद. म्हणून ठरवलं, थेंबभर सांडू द्यायचा नाही."

"मग?"

"दाणा आषाढात झाला. ह्यात उजेडाचा एक थेंब वाट चुकत नाही. बघून लोक तोंडात बोट घालतात..."

"मग?"

"तिचे डोळे वैशाखातच गेले."

तकियाच्या भिंतीमागं कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"आठ दिवस घरी गेलो नाही," प्रल्हाद म्हणाला. "तिच्यापुढं काय तोंड घेऊन उभा राहू? प्रयोगशाळेतच झोपतो. सगळं पुन्हा तपासलं. एकेक भिंत तपासली. कुठंच चूक नाही. मग चूक कुठं आहे?"

शिकलेला माणूस. मुलगी घरी अंधारात, आणि ह्याला चूक सापडायला पाहिजे.

वस्तादांनी सूप त्याच्याकडं सरकवलं.

"आधण ठेवलंय. तेवढे निवड."

प्रल्हाद निवडायला बसला. पहिल्यापासून हात नीटस. खडा एकीकडं, साळ एकीकडं, किडका दाणा एकीकडं, तुटका एकीकडं. चार ढीग पडले. आधण उकळलं. झाकण थडथडायला लागलं.

"झालं?"

"थोडं राहिलं."

आणखी वेळ गेला. पाणी निम्म्यावर आलं.

"झालं का रे?"

"अजून खडे आहेत."

वस्ताद चाचपडत उठले. त्याच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि सगळे तांदूळ आधणात ओतले. धुतलेसुद्धा नाहीत.

"वस्ताद! खडे आहेत त्यात!"

"आहेत."

"दाताखाली येतील."

"येतील."

वस्तादांनी झाकण घातलं आणि पुन्हा खाली बसले.

"ह्याच्या आधीचा दाणा होता?"

"ह्याच्या आधी चौदा केले."

"पहिला कसा होता?"

"कच्चा. दोन वर्षांपूर्वीचा. शंभरातले बारा हिस्से उजेड भलत्याच दारानं जायचा."

"पोरीला लावून बघितलास?"

"...एकदा."

"मग?"



"अंगणात. सकाळची वेळ होती. मी समोर उभा. ती इकडं बघत होती, तिकडं बघत होती. मग हसली. म्हणाली, पप्पा, तुमच्या शर्टावर रेघा आहेत! निळ्या!"

"मग?"

"रेघा हिरव्या होत्या, वस्ताद."

"मग?"

"मी चष्मा काढून घेतला."

चुलीतलं लाकूड खचलं. वस्तादांनी ते हातानं पुढं सारलं.

"दिला तिनं?"

"दिला. म्हणाली, परत कधी? मी म्हटलं, नीट झाला की."

"अजून विचारते?"

"वर्षभर विचारत होती. आता काहीच विचारत नाही."

मग तो रडला. पन्नाशी गाठलेला माणूस, गुडघ्यांत डोकं घालून. वस्तादांनी त्याला उगी केलं नाही. भात शिजेपर्यंत रडू दिलं.

मग ताटलीत भात वाढून पुढं ठेवला. दुसऱ्याच घासाला प्रल्हादच्या दाताखाली कर्रकन खडा आला. त्यानं तो बोटावर काढला. बराच वेळ बघितला. बाजूला ठेवला आणि पुढचा घास घेतला.

"तो शर्ट आहे अजून?"

"आहे. कपाटात. घालवत नाही अंगात."

"आज जा घरी. घाल."

"तिला दिसणार नाही, वस्ताद."

"हात लावून बघील. विचारील, पप्पा, कुठला घातलाय."

प्रल्हादनं शेवटचा घास घेतला.

"निळ्या रेघांचा, म्हणून सांग."