मिरीला अस्वल व्हायचंय

एक चिंचेचं झाड होतं. झाडाखाली बीळ होतं. बिळात एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव मिरी. मिरी एवढीशी. तिचं शेपूट त्याहून एवढंसं.

आज संध्याकाळी चिंचेखाली सोंगं निघणार होती. सोंगं म्हणजे नुसती मजा. ससा होणार राजा. बेडूक होणार वाघ. मिरी दरवर्षी गवत व्हायची. उभं राहायचं आणि हलायचं. बस, एवढंच. यंदा मात्र मिरी होणार होती अस्वल.

तिचा अस्वलाचा झगा तयार होता. काळा काळा, मऊ मऊ, केसाळ. केस खोटे होते बरं का. कुणाच्या अंगावरचे नव्हते. बाजारात मिळतं ना फरचं कापड, त्याचे होते.

मिरीनं झगा घातला. अस्वलासारखी चालून बघितली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. वाटेत होती बाभळ. बाभळीला होते काटे. काट्यात अडकली बाही.

चर्रर्र…

बाही तुटली. खाली पडली.

मिरीनं बाहीकडे पाहिलं. मग झग्याकडे पाहिलं. एका हाताचं अस्वल कुठे असतं का? ससा म्हणाला, संध्याकाळपर्यंत बाही लागली नाही तर मिरीनं आपलं गवतच व्हावं.

मिरीला गवत व्हायचं नव्हतं.

तिनं सुई घेतली. दोरा घेतला. पण कापड इतकं जाड, इतकं जाड, की सुईच वाकली. आता मशीनच हवं. मिरीकडे मूठभर शेंगा होत्या. तिनं शेंगा घेतल्या, झगा घेतला, बाही घेतली आणि निघाली बाजारात.

तुरुतुरु तुरुतुरु.

बाजारात लिंबाखाली शेवंताकाकू बसायच्या. त्या शिवणाची जुनी मशिनं विकायच्या. एक होतं गुलाबी. एक होतं हिरवं. एक होतं काळं.

गुलाबी मशीन छान चकचकीत होतं. काकू म्हणाल्या, मूठभर शेंगांत मिळेल. मिरी खूश झाली. तिनं बाही सरकवली. टिक टिक टिक… घुर्रर्र… बंद. केस आत अडकले. गुलाबी मशीन म्हणालं, मी रुमाल शिवणार, अस्वलं नाही शिवणार.

हिरवं मशीन मोठ्ठं होतं. धडधड धडधड. त्याला काहीही शिवता यायचं. पण काकू म्हणाल्या, याला गाडीभर शेंगा लागतील. मिरीनं मूठ उघडून पाहिली. गाडीभर नव्हत्या.

एक परवडतं, पण शिवत नाही. एक शिवतं, पण परवडत नाही. मिरीचं डोकं गरगर गरगर फिरलं. तिनं इकडे पाहिलं. तिनं तिकडे पाहिलं. आता करू तरी काय?

कोपऱ्यात होतं काळं मशीन. जुनं, लोखंडी, हातानं फिरवायचं. काकू म्हणाल्या, हे मूठभर शेंगांत मिळेल आणि जाड कापडही शिवेल.

मिरी म्हणाली,
"काळ्या मशीना, बाही जोड.
मग मी होईन अस्वल."

काळं मशीन म्हणालं, "मला नाही सुई. जाड सुई आण, मग जोडीन."

काकूंनी डबा पालथा केला. सगळ्या सुया बारीक. जाड एकही नाही. काकू म्हणाल्या, साळूच्या पाठीवर जाड जाड काटे असतात, त्यातला एक आणलास तर मी सुई करून देईन.

झगा आणि बाही काकूंपाशी ठेवली आणि निघाली मिरी. तुरुतुरु तुरुतुरु.

साळू बिळात झोपली होती. पाठीवर काटेच काटे. मिरीनं दारातून हाक मारली,
"साळूताई, काटा दे.
काट्याची होईल सुई.
मशीन जोडेल बाही.
मग मी होईन अस्वल."

साळूनं एक डोळा उघडला. काटा असा मिळत नाही म्हणाली. अंग जोरात झाडावं लागतं, तेव्हा तो पडतो. आणि उपाशीपोटी कसलं अंग झाडायचं?

"रताळं आण, मग देईन."

मिरी गोंधळली. बाही हवी होती, आता रताळं आणायचं? पण निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेतात रताळ्याचा वेल पसरला होता. मिरी म्हणाली,
"वेलदादा, रताळं दे.
साळू देईल काटा.
काट्याची होईल सुई.
मशीन जोडेल बाही.
मग मी होईन अस्वल."

वेलानं पानं हलवली. सळसळ सळसळ. रताळी खूप आहेत म्हणाला, पण सगळी घट्ट मातीत. मिरीनं उकरून बघितलं. खर खर खर. माती दगडासारखी. मिरीची नखं दुखली.

वेल म्हणाला, "गांडूळबुवांना आण, मग देईन."

मिरी निघाली. वाटेत पाठ करत होती. गांडूळ देईल काटा… नाही नाही. साळू होईल सुई… नाही नाही. मशीन खाईल रताळं… छे, असं नव्हतं. मिरी थांबली. डोकं खाजवलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तुरुतुरु तुरुतुरु.

बांधाखाली गांडूळबुवा वेटोळं करून पडले होते. मिरी म्हणाली,
"गांडूळबुवा, माती उकर.
वेल देईल रताळं.
साळू देईल काटा.
काट्याची होईल सुई.
मशीन जोडेल बाही.
मग मी होईन अस्वल."

गांडूळबुवा वळवळ वळवळले. यायला हरकत नाही म्हणाले. पण शेत पडलं कोरडं. कोरड्यात गेलं की अंग सोलून निघतं.

"पाणी आण, मग उकरीन."

पाणी? मिरीनं वर पाहिलं. मिरीनं खाली पाहिलं. पाणी कुठे असतं? मग तिला आठवला पाट. विहिरीचं पाणी शेतात नेतो, तो पाट. तुरुतुरु तुरुतुरु.

मिरी म्हणाली,
"पाटभाऊ, पाणी दे.
गांडूळ उकरेल माती.
वेल देईल रताळं.
साळू देईल काटा.
काट्याची होईल सुई.
मशीन जोडेल बाही.
मग मी होईन अस्वल."

पाट हळूच म्हणाला, डुब डुब. पाणी आहे गं, पण पुढे जात नाही. मध्येच म्हैस बसलीय.

"म्हशीला उठव, मग देईन."

मिरीनं म्हशीकडे पाहिलं. म्हैस केवढी. मिरी केवढीशी. मिरीला वाटलं, आपण परत जावं. पण परत म्हणजे कुठे? काकूंकडे? साळूकडे? वेलाकडे? तिला काही समजेना. सूर्य पण खाली यायला लागला होता.

मिरी पुढे झाली आणि म्हणाली,
"म्हशीमावशी, ऊठ ना.
पाट देईल पाणी.
गांडूळ उकरेल माती.
वेल देईल रताळं.
साळू देईल काटा.
काट्याची होईल सुई.
मशीन जोडेल बाही.
मग मी होईन अस्वल."

म्हशीनं कान फडफडवला. फट् फट्. पुन्हा फडफडवला. फट् फट्. ती म्हणाली, कानात गोचीड शिरलाय, सकाळपासून चावतोय, उठावंसंच वाटत नाही.

"गोचीड काढ, मग उठेन."

मिरी आणखीनच गोंधळली. गोचीड काढायला कुणाला बोलवू? बगळ्याला बोलवू? बगळा कुठे दिसेना. मैनेला बोलवू? मैना कुठे दिसेना. मिरी एकदा इकडे धावली. एकदा तिकडे धावली. मग मध्येच बसली आणि रडायला लागली.

म्हैस तिच्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "बाळा, तुझं नाक किती टोकदार आहे गं."

मिरीनं रडणं थांबवलं. आपलं नाक चाचपून पाहिलं. खरंच की. टोकदार होतं.

म्हशीनं मान खाली केली. मिरी शिंगावर चढली. शिंगावरून घसरली कानापाशी. आत अंधार होता. मिरीनं नाक घातलं आत, आत, आणखी आत. गोचीड सापडला. मिरीनं त्याला दातांत धरलं आणि ओढलं.

पुटुक.

गोचीड बाहेर. मिरीनं तो खाऊन टाकला. चिचुंद्रीला असलं आवडतं.

म्हैस म्हणाली, "हाऽऽश." आणि उठली.

म्हैस उठली, पाटानं दिलं पाणी. झुळझुळ झुळझुळ.
पाणी आलं, गांडुळानं उकरली माती. वळवळ वळवळ.
माती उकरली, वेलानं दिलं रताळं. धप्पकन.
रताळं खाल्लं, साळूनं झाडलं अंग. खुळखुळ खुळखुळ.
काटा पडला, मिरीनं उचलला आणि धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेवंताकाकूंनी काट्याला भोक पाडलं. भोकात दोरा घातला. काट्याची झाली सुई. मशीनला बसवली. अगदी नीट बसली.

काकूंनी झग्याला बाही लावून धरली. मिरीला म्हणाल्या, केस आत ढकल, शिवणीत येऊ देऊ नकोस. मिरीनं नाकानं केस आत ढकलले. मग ती मशीनच्या दांड्याला लोंबकळली आणि दांडा फिरवला. काळं मशीन म्हणालं,

खटखट खटखट, खटखट खटखट.

कुठे अडकलं नाही. कुठे थांबलं नाही. बाही जोडली गेली. मिरीनं झगा घातला आणि दोन्ही हात वर करून पाहिले. दोन्ही केसाळ.

मिरीनं मूठभर शेंगा काकूंना दिल्या. काकूंनी एक शेंग फोडून तिलाच दिली आणि म्हणाल्या, "मशीन तुझं झालं. आता ने घरी."

घरी? कसं? मिरीनं मशीन ढकललं. हललं नाही. ओढलं. हललं नाही. ती पुन्हा गोंधळून उभी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी फुस्स केलं. म्हशीमावशी आली होती. काकूंनी मशीन उचललं आणि म्हशीच्या पाठीवर ठेवलं. मशीनवर बसली मिरी. निघाली वरात. धप धप, धप धप. सगळा बाजार बघत राहिला.

चिंचेखाली सोंगं सुरू झाली होती. राजा आला. वाघ आला. आणि मग आलं अस्वल. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. दोन्ही हात वर करून अस्वल म्हणालं,

गुर्रर्रर्र.

राजा पळाला. वाघ पानाखाली लपला. पुढे बसलेली पोरं किंचाळली आणि मग हसली.

मिरीची आईही पुढे बसली होती. ती मान लांब करकरून बघत होती. राजाकडे पाहिलं. वाघाकडे पाहिलं. मिरी काही दिसेना. शेवटी ती उठली आणि घाबरत घाबरत अस्वलाजवळ गेली.

"अस्वलदादा, आमची मिरी कुठे दिसली का हो तुम्हाला?"

अस्वल हळूच म्हणालं, "आई, मीच आहे."

आईला खरं वाटेना. तिनं अस्वलाला नाक लावलं. पोटाला लावलं. कानाला लावलं. मग बाहीत नाक घालून वास घेतला. मिरीच होती.

आईनं अस्वलाला उचलून कडेवर घेतलं.

अस्वल बसलं कडेवर,
गोष्ट ठेवली उशीवर.