गेनूच्या जीपमधला चोर

माळवाडीत एक भोळा जीपवाला होता. नाव गेनू. सांगितलेलं तो अक्षरही न सोडता करायचा, म्हणून त्याला काही सांगायला गावात कुणी धजत नसे.

एकदा त्याची जीप सकाळी रुसायला लागली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. ढकलली की मग दिवसभर गुणी. त्यात त्याच्या बायकोच्या, इंदूच्या, भावाचं लग्न तोंडावर आलेलं. नवरदेवाला मांडवात नेण्याचा मान गेनूच्या जीपला मिळाला होता.

"अहो, त्या दिवशी जीप अडली तर माहेरात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," इंदूनं बजावलं.

गेनू आबा मिस्त्रींकडे गेला. आबा म्हणाले, "उभ्या गाडीत बॅटरी उतरतीय तुझी."

"उतरूच देत नाही," म्हणत गेनू घरी आला. गाईचं दावं सोडून त्यानं बॅटरी करकचून बांधली. गाय शेजाऱ्याच्या मक्यात गेली. सकाळी जीप पुन्हा टक्.

"आबा, बॅटरी उतरली नाही. जाग्यावरच बसलीय."

आबांनी कपाळावर हात मारला. "अरे, उतरली म्हणजे तिच्यातला करंट संपला! गाडी बंद असताना कोणतरी करंट खातंय."

"उपाशी असंल बिचारं," गेनू कळवळला. त्यानं बॉनेटखाली भाकरी आणि ठेचा ठेवला. सकाळी भाकरी गायब, ठेचा तसाच, जीप टक्.

"आबा, जेवूनसुद्धा करंट खातंय!"

आबांनी एका छोट्या दिव्याला दोन वायरी जोडून दिल्या. "नीट ऐक. आधी सगळं बंद कर. मग बॅटरीची एक वायर सोड आणि मधी हा दिवा लाव. पेटला तर कोणतरी खातंय. मग एकेक फ्यूज काढून बघ. फरक नाही पडला तर परत बसव. ज्याला काढल्यावर दिवा विझंल, तोच चोर. त्याला पुन्हा आत घेऊ नको, कुणी काही म्हणो."

गेनूनं सगळं बंद केलं. दार, खिडक्या, पंखा. मग इंदूला म्हणाला, "तोंड बंद." इंदू चुलीपुढून उठली ती फुंकणी घेऊनच.

पाठ चोळत त्यानं दिवा लावला. पेटला. एकेक फ्यूज काढत गेला. गाण्याच्या टेपचा फ्यूज काढताच विझला! दुसऱ्या सकाळी जीप एका झटक्यात सुरू. इंदूसुद्धा हसली.

"आता चोर कसा धरायचा ते कळलं," गेनू म्हणाला. घोटाळा झाला तो इथंच.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड टेंपोतून पुढे गेलं, इंदूही त्यातच. जीपमध्ये कपड्यांची ट्रंक, कानानं अधू आत्याबाई आणि अंगानं चांगला भरलेला नवरदेव जालिंदर. चढाला जीप धापा टाकत थांबली.

गेनूनं ओळखलं. कोणतरी खातंय.

त्यानं ट्रंक काढली. जीप हलेना. ट्रंक परत ठेवली. आत्याबाईंना उतरवलं. तरी हलेना. त्यांना परत बसवलं.

"दाजी, मी उतरू का?" जालिंदरनं विचारलं.

तो उतरला आणि जीप सरसर चढून गेली.

"दाजी! ओ दाजी! थांबा की!" मुंडावळ्या सावरत जालिंदर मागं पळत होता. चोर ओरडणारच, म्हणत गेनूनं वेग वाढवला.

मांडवापुढे सनई सुरू झाली. इंदू धावत आली, जीपमध्ये डोकावली आणि पांढरीफटक पडली.

"अहो, जालिंदर कुठाय?"

गेनूनं बॉनेटवर प्रेमानं थाप मारली.

"अगं, तुझा भाऊच चोर निघाला. पण तू काळजी करू नको. मी त्याला परत बसवला नाही."