पंखा थांबतो तेव्हा

एकदा एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली एक तरुणी काम शिकत होती. कारागीर संगणक जुळवून देत असे. गिऱ्हाइकाची गरज ऐकायची, एकेक भाग निवडायचा, डब्यात बसवायचा, हा त्याचा व्यवसाय. पेठेत सगळे त्याला अण्णा म्हणत. शिष्या पदवीधर होती, हाताने नेटकी होती, पण मनाने सदा अस्वस्थ. टेबलावरून स्क्रू पडला तरी दचके. चूक होईल या धास्तीने प्रत्येक गोष्ट तीनदा वाची, चारदा मोजी, आणि पाचव्यांदा अण्णांना विचारी. अण्णा म्हणत, "पोरी, एक स्क्रू पिळायला इतका विचार केलास, तर त्या स्क्रूलाच घाम फुटेल."

एके दिवशी सुमेधा नावाची एक बाई दुकानात आली. ती इमारतींचे नकाशे काढी. तिचे वडील नुकतेच इस्पितळातून घरी आले होते. फुप्फुसे थकलेली, आवाज इतका क्षीण की चार पावलांवर पोचू नये. कार्यालयाने तिला पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात घरून नकाशे वेळेवर गेले, तर पुढेही घरूनच काम. नाही तर रोज कार्यालयात हजेरी, आणि वडिलांची रवानगी गावाबाहेरच्या सेवासंस्थेत.

"घरातला कॉम्प्युटर म्हणजे पिठाची गिरणी आहे," ती म्हणाली. "त्याच्या घरघरीत मला बाबांचा श्वास ऐकू येत नाही. श्वास ऐकू आला नाही की मला काही सुचत नाही. शांत मशीन द्या. लहान द्या, खोलीत त्यांची कॉट आणि माझं टेबल सोडून जागाच नाही. त्यांना वारा सोसत नाही, म्हणून छताचा पंखाही आम्ही लावत नाही. खोलीत दुसरा आवाजच नाही हो."

अण्णांनी काम शिष्येवर सोपवले.

बाकीचे भाग लवकर ठरले. प्रोसेसरवर मोठा संथ पंखा बसवला की त्याचा प्रश्न मिटतो. गाडे अडले ते पॉवर सप्लायपाशी. भिंतीतली वीज घेऊन ती संगणकाला पचेल अशी करून देणारी ही पेटी स्वतः तापते, आणि तिला थंड ठेवायला तिच्या पोटात एक पंखा असतो. डबा लहान, म्हणून पेटी लहान. पेटी लहान, म्हणून पंखा लहान. आणि लहान पंख्याला जास्त गरगरावे लागते.

शिष्येने चौदा पॉवर सप्लायची यादी केली. प्रत्येकाच्या आवाजाचा आकडा समोर लिहिला. मग लोकांची मते वाचायला बसली आणि जास्तच घाबरली. एकाने लिहिले होते, ‘आवाज शून्य.’ त्याच वस्तूखाली दुसऱ्याने लिहिले होते, ‘जणू विमान उडते.’ खरे कोणाचे मानायचे? जेवताना तिच्या डोळ्यांसमोर आकडेच नाचत. शेवटी एक पेटी तिच्या मनात भरली. ती थंड असेपर्यंत तिचा पंखा फिरतच नसे. तापली तरच फिरे, निवली की पुन्हा स्तब्ध.

अण्णांनी फळीवरचा दुसरा एक पॉवर सप्लाय पुढे केला. "हा पाहिलास का?"

"तोच मी सगळ्यात आधी खोडला, अण्णा. थोडा लांब आहे, वायरी दाबून बसवाव्या लागतील. आणि त्याचा पंखा सारखा फिरतो. मंद फिरतो, पण फिरतो ना! त्यांनी शांत मागितलंय."

अण्णा म्हणाले, "बरं. तुझं बसव."

यंत्र तयार झाले. भर दुपारी दुकानाचे शटर ओढून दोघांनी कान लावला. काही म्हणता काही ऐकू येईना. शिष्येने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. पंधरातले चार दिवस गेले होते. यंत्र सुमेधाच्या घरी पोचले.

आणखी चार दिवसांनी ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले.

"कॉम्प्युटर उत्तम आहे," ती म्हणाली. "पण परत घ्या."

शिष्येच्या हातातला पेचकस खाली पडला आणि त्या आवाजाने तीच दचकली. "काय झालं? आवाज येतो का?"

"नाही. जवळजवळ नाहीच. दोष मशीनचा नसेल, माझाच असेल. पण काल चार तास बसून मी फक्त एक जिना काढला. सारखं छातीत धडधडतं. जुन्या गिरणीशी निदान भांडता तरी येत होतं. उद्या मी त्या संस्थेला फोन करणार आहे."

ती गेली. शिष्येने तोच पेचकस उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "अण्णा, मी आकडे पुन्हा तपासू का? की पेटीच खराब निघाली? की मी वायर कुठे सैल ठेवली?"

अण्णांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चल. तिच्या घरी जाऊन बसू."

दुपारची वेळ होती. खोलीच्या खिडक्या बंद होत्या. कॉटवर उशांना टेकून वडील बसले होते. अण्णांना पाहून ते पुटपुटले, "या. मशीनचे डॉक्टर का? पेशंट मात्र इथे दोन आहेत."

"दुसरा कोण?"

"ही काय! दर पाच मिनिटांनी उठते आणि मला हलवून बघते. अगं सुमे, मेलो तर आधी तुलाच सांगेन की!"

"बाबा, असलं बोलू नका हं," ती रागावून म्हणाली आणि टेबलापाशी जाऊन बसली.

अण्णांनी यंत्राला हातही लावला नाही. खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, शिष्येच्या हातात दिली, आणि एक रिकामी बशी तिच्या मांडीवर ठेवली. हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्राकडे बघू नकोस. तिच्या मानेकडे बघ. मान मागे वळली की एक फुटाणा बशीत टाक."

शिष्येला काही उमजेना. इथे एका घराचा निकाल लागायचा आहे, आणि अण्णांना फुटाणे सुचतात! सात दिवस उरलेत. उद्या तो फोन जाईल. तिचा पाय आपोआप हलू लागला. अण्णांनी गुडघ्यावर हलकेच बोट ठेवले, तेव्हा थांबला.

थोड्या वेळाने वडिलांचा डोळा लागला. श्वास ऐकू येऊ लागला. खरबरीत, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, पण नियमित. सुमेधाने पडद्यावर इमारतीचे चित्र फिरवून पाहिले. यंत्रावर ताण पडला आणि पेटीतला पंखा सुरू झाला. शिष्या ताठ झाली. आता वळेल! पण मान वळली नाही. पंखा दोन-तीन मिनिटे बारीक गुणगुणला. मग चित्र स्थिर झाले, पेटी निवली, पंखा थांबला.

आणि सुमेधाची मान झटक्यात मागे वळली.

तिने कॉटकडे पाहिले. छातीची हालचाल पाहिली. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केले, पण कुठवर आलो होतो ते तिला सापडेना.

पहिला फुटाणा पडला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला सुमेधा उठून वडिलांच्या नाकापुढे हात धरून आली. सातव्या फुटाण्याला शिष्येचा हात बशीवर थबकला. तिने डोळे मिटले आणि नुसते ऐकले. पंखा सुरू झाला. पंखा थांबला. डोळे न उघडता तिने फुटाणा बशीत सोडला, आणि मागोमाग खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

तासाभरात बशीत तेरा फुटाणे जमले.

सुमेधा चहा टाकायला आत गेली, तेव्हा अण्णांनी पिशवीतून दुसरा पॉवर सप्लाय काढला. शिष्येने सगळ्यात आधी खोडलेला, सारखा फिरणारा.

"सुरू होण्याचं तिला काहीच नाही, अण्णा," शिष्या कुजबुजली. "ती थांबण्याला घाबरते."

अण्णा कॉटकडे पाहत हळू आवाजात बोलू लागले. "उन्हाळ्यात दुपारी आपण पंख्याखाली झोपतो. पंखा कुरकुरत असतो, तरी झोप लागते. मग लाइट जाते, आणि घाम यायच्या आधीच डोळे उघडतात. कशाने गं? कुणी हाक मारलेली नसते, काही पडलेलं नसतं. चालू होतं ते थांबलं, एवढंच. कानाला आवाजाची सवय होते, पोरी, पण सवयीचा आवाज तुटला की कानच आपल्याला हलवून उठवतो. या बाईचा कान दिवसभर बापाचा श्वास थांबतो का, एवढी एकच गोष्ट ऐकायला बसलाय, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसलाय. खोलीत काहीही थांबलं, की काय थांबलं हे तिच्या काळजाला कळत नाही. मान आधी वळते, पंखा होता हे मागून कळतं. तासाला तेरा वेळा तिचा बाप गेला, आणि तेरा वेळा परत आला. अशात जिना कुठून काढायचा?"

शिष्या बशीकडे पाहत म्हणाली, "पण मी सगळं वाचलं होतं, अण्णा."

"वाचलंस. पण लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या पाठीमागे कॉट नव्हती. आणि मीही दुकानात कान लावून गप्प बसलो. इथे येऊन बसायचं माझ्याही मनात आलं नाही. चूक दोघांची."

"मग पंखाच नसलेला सप्लाय बसवू या का? म्हणजे थांबायचा प्रश्नच नाही."

"वैशाख, बंद खिडक्या, आणि हा एवढासा डबा. तापून अख्खं मशीन बंद पडेल. मग ते थांबणं बघ."

नवी पेटी खरेच लांब होती. शिष्येने वायरी एकेक करून डब्याच्या कडेला दाबल्या, पंख्याचे तोंड जाळीकडे केले, स्क्रू पिळले. या वेळी तिने कशाचीच यादी केली नाही. यंत्र सुरू झाले. पंखा फिरू लागला. कान दिला तर ऐकू येईल असा, दूरवर कुणी जात्यावर दळते आहे असा आवाज. वडिलांचा श्वास त्याच्यावरून स्वच्छ ऐकू येत होता.

"आवाज येतोय," सुमेधा चहाचे कप ठेवत म्हणाली.

"येणारच," अण्णा म्हणाले. "दोन दिवस चालवून बघा. संस्थेचा फोन तेवढा दोन दिवस लांबवा."

त्या दोन दिवसांत शिष्या धड जेवली नाही. दुकानातला फोन वाजला की ती हातातले काम टाकून धावे. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. न आलेल्या फोनचा अर्थ काय लावायचा? शेवटी तिला राहवेना. पंख्याची जाळी पुसायची आहे, असे निमित्त काढून ती एकटीच सुमेधाच्या घरी गेली.

दार उघडून सुमेधा म्हणाली, "बरं झालं आलीस. तीन नकाशे गेले. सोमवारपासून घरूनच काम कर म्हणाले. बस, एवढी खिडकी काढते नि चहा करते." ती टेबलापाशी जाऊन कामाला लागली. खिडकी पडद्यावरची होती.

वडील झोपले होते. शिष्या कॉटच्या पायथ्याशी बसली. यंत्र मंद गुणगुणत होते. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात भांड्यांची चळत धाडकन कोसळली आणि शिष्या जागच्या जागी उडाली. सुमेधाचा हात थांबलासुद्धा नाही. एक रेघ, दुसरी रेघ, चौकटीची तिरकी रेघ.

मग अचानक ती उठली. घाई नव्हती, पण उशीरही नव्हता. कॉटपाशी आली, वडिलांचे डोके अलगद उचलले, उशी वर ओढली, परत टेकवले, आणि खुर्चीकडे वळली.

"काय झालं?" शिष्येने घाबरून विचारले. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"काही नाही गं. मान कलली होती, श्वास जरा अडखळला." आणि तिने खिडकीची उरलेली रेघ ओढली.

शिष्या पुढचा कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत बसली. जाळी पुसायचे राहून गेले.

आपल्याही घरात, आपण बोलता बोलता एकदम गप्प झालो की कुणाची तरी मान वळत असते. ती कुणाची, ते आज एकदा पाहावे.